मोरदऱ्याचं टाचण

तानूबाईंनी डोक्यावरची वांग्यांची पाटी ओट्यावर उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि धाप जायच्या आत म्हणाल्या, "श्रीपाद, मला मोरदऱ्याला ने रं बाबा. साल झालं माझ्या रामहरीला. जागा बघायची हाय मला."

श्रीपाद चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"मोरदऱ्याला? मावशी, ते काय तुमच्या पिंपळीइतकं जवळ आहे होय?"

"म्हनून तर तुला म्हनते. दुसरं कोन नेनार मला?"

आता हे खरंच होतं. आमचा हा मुलूख सपाट. कालवा, ऊस, बाभळी, आणि मान वर करून बघायचंच तर गुऱ्हाळाचा धूर. अशा मुलखात श्रीपादला डोंगराचं खूळ लागावं, हे नशीबच म्हणायचं. कालव्याच्या कचेरीत कारकून, वय एकतीस, अंगात हाडं तेवढी. पण दिवाळी सरली की गड्याच्या पायांना खाज सुटायची. मग हा टाचण करायला बसायचा. फुलस्केप कागदाची मागची कोरी बाजू घ्यायची आणि बारीक अक्षरात लिहायचं: बारामतीहून गाडी किती वाजता, दौंडाला खोळंबा किती, पुण्याहून एस.टी. कुठवर, तिथून पायी मैल किती, चढायचं कधी, उतरायचं कधी. दशम्या, कंदील, सुतळी, काडेपेटी, फिरकीचा तांब्या. बायको पद्मा म्हणायची, "एवढं चालायची हौस आहे तर दळण घेऊन गिरणीत जा की!" कचेरीत हसायचे ते वेगळंच. पण टाचणात लिहिलं तसंच घडायचं. याचा त्याला अभिमान होता, आणि जरा जास्तच होता.

जोडीला दोघं असायचे. एक आनंद, दवाखान्यातला कंपाउंडर, शाळेपासूनचा मित्र. दुसरा रामहरी, तानूबाईंचा एकुलता एक मुलगा, पिंपळीच्या बाजूला पाटकरी. पाटकरी म्हणजे ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला कालव्याचं पाणी सोडणारा माणूस. कामासाठी कचेरीत यायचा, श्रीपादच्या टेबलावरचं टाचण कुतूहलानं बघायचा. एकदा म्हणाला, "साहेब, मला बी न्या की. पानी वरनं येतंय म्हन्त्यात, वर काय हाय त्ये तरी बघू." तेव्हापासून तिघं जाऊ लागले.

मोरदरा हा पुण्याच्या पलीकडं, जंगलखात्याच्या राखीव रानातला लहानसा डोंगर. किल्ला नाही, देऊळ नाही. पायथ्याला खात्याचा बंगला, वर करवंदीच्या जाळ्या आणि वारा. गेल्या फाल्गुनात तिथं वाळल्या गवतावरून रामहरीचा पाय सुटला. फार खोल नव्हतं, असेल दीड पुरुष. पण पडला तो पोटावर, आणि खाली दगड. तेव्हा बारा वाजले होते. आनंदनं त्याचं पोट चाचपलं आणि श्रीपादला बाजूला घेतलं. "आत मार बसलाय. पुण्याला पोचवला तर पोट उघडून दुरुस्त करतील. पण एक ध्यानात ठेव, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. भूल देताना पोटात पाणी असलं की माणूस हातचा गेला. आमच्याकडं ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून घोटभरही देत नाहीत." एवढं सांगून तो डोली आणायला खालच्या वाडीकडं पळाला. वाडीतली माणसं रानात पांगलेली. ती गोळा करून तो वर आला तेव्हा दिवस मावळला होता. मधले साडेसहा तास श्रीपाद एकटा रामहरीच्या उशाशी बसून होता. हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला. रामहरी पाणी मागत होता. श्रीपादनं दिलं नाही. आणि डोली यायच्या आधीच रामहरी गेला.

दुसऱ्या दिवशी प्रेत पिंपळीला आणलं. सगळी आळी दारात उभी. तानूबाईंनी पोराच्या तोंडावरचं कापड काढलं, आणि रडायच्याही आधी श्रीपादकडं बघून एकच विचारलं, "शेवटी पानी मिळालं का हो त्याला?"

जाणाऱ्याच्या तोंडात पाणी पडलं की तो सुटला. नाही पडलं तर तहानेला जीव तसाच फिरत राहतो, असं मानणारी ही माणसं. श्रीपादही त्यांतलाच. त्यानं म्हातारीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "मिळालं, मावशी. मी माझ्या हातानं दिलं. दोन घोट घेतले त्यानं."

मग म्हातारी रडली. रडली आणि मोकळी झाली. तुम्ही-आम्ही तरी त्या जागी काय केलं असतं, देव जाणे.

पण त्या दिवसापासून तानूबाईंनी त्याला 'साहेब' म्हणायचं सोडलं. "ज्यानं पानी घातलं त्यो लेकच," म्हणून त्या अरेतुरेवर आल्या. दर बाजारच्या दिवशी पाटीतली पहिली वांगी श्रीपादच्या ओट्यावर, वर मेथीची जुडी. पैसे पुढं केले तर रागवायच्या. एकदा पावसाळ्यात, पाऊस थांबायची वाट बघत बसल्या असताना त्यांनी विचारलं, "पानी गार व्हतं का रं?" आणि हा शहाणा म्हणाला, "झऱ्याचं होतं मावशी. गारेगार." कशाला सांगायचं होतं? पण खोटं एकदा सुरू झालं की माणूस त्याला झालर लावत बसतो. श्रीपादला भरली वांगी जीव की प्राण. वर्षभर त्याच्या घशाखाली ती उतरेनात. पद्मा चिडायची, "तब्येतीला झालंय काय तुमच्या?" तिलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं.

आणि आता म्हातारीला जागा बघायची होती. नुसती जागा नाही. "त्यो झरा बघायचा हाय. तितलं गडूभर पानी आनायचं, देवापाशी ठेवायचं." मोरदऱ्यावर फाल्गुनात पाण्याचा टिपूस नसतो. तिथं कातळ असतो आणि ऊन.

श्रीपादनं सुटायची धडपड केली.

"मावशी, सहा मैल पायी आहे. वर चढ."

"मी पिंपळीवरनं पाटी घिऊन येते ती काय उडत येते व्हय?"

"रानात वाघरू आहे."

"असंना. माझ्या हाडांनी काय त्याचं पोट भरनार हाय?"

"सरकारी रान आहे. परवानगी लागते."

"मंग काढ की! सरकारातच हायस न्हवं तू?"

काढली. म्हणजे अर्ज केला, पण असा केला की वाचणाऱ्यानं नकारच द्यावा. सोबत वृद्ध स्त्री आहे, वाट अवघड आहे, गतवर्षी त्याच जागी अपघात घडलेला आहे, तरी योग्य तो निर्णय कळवावा. अहो, ज्या सरकारकडं गटाराचा अर्ज वर्ष वर्ष पडून राहतो, त्या सरकारचं उत्तर आठव्या दिवशी हजर! परवानगी आहे. बंगल्यातील खोली मिळेल. चौकीदार सर्व सोय करील. श्रीपादनं ते पत्र तीनदा वाचलं. कारकुनाच्या नोकरीत त्याला सरकारचा एवढा राग कधी आला नव्हता.

रविवारी त्यानं इंदापूरची एस.टी. पकडली. आनंद रामहरीनंतर बारामती सोडून इंदापुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागला होता. डोंगराचं नावही काढत नव्हता. श्रीपाद गेला तेव्हा तो मागच्या खोलीत पुड्या बांधत होता. पुड्या बांधता बांधता त्यानं सगळं ऐकलं.

"यात काय अवघड आहे?" आनंद म्हणाला. "वर न्यायचंच नाही. बंगल्यामागं ओढा आहे, त्याच्या डोहात पाणी असतं मार्चपर्यंत. तिथंच आणलं होतं आपण त्याला, तिथंच गेला, असं सांग. हाच झरा म्हणून दाखव. गडू भरून घेईल, सुखानं परत येईल."

"आणि चौकीदार बोलला तर? वाडीतली माणसं?"

"म्हातारी कुणाशी बोलायच्या आत फिरवायची मागं. संध्याकाळी ओढ्यावर, सकाळची पहिली एस.टी. तुला काय शिकवायचं? टाचण कर चांगलं."

श्रीपाद उठला नाही. "आनंद, खरंच मेला असता का रे तो? पाण्यानं?"

आनंदच्या हातातली पुडी तशीच राहिली. मग खाली बघूनच म्हणाला, "मी इथल्या डॉक्टरांना विचारलं दिवाळीत. कोणाचं, कुठलं ते सांगितलं नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असा मार आणि पुणं एवढं लांब, तो जगणारच नव्हता. वर मलाच म्हणाले, अरे, द्यायचं होतं की पाणी."

श्रीपादनं त्याची गचांडीच धरली. "दिवाळीत कळलं? आणि हे आज सांगतोस?"

"कधी सांगू?" आनंद ओरडला आणि तिथल्या तिथं रडायला लागला, चांगला बाप्या माणूस. "तूच सांग, कुठल्या दिवशी सांगायचं होतं तुला? मी वाचवायलाच सांगितलं होतं रे. मला तेवढंच माहीत होतं."

परतीच्या गाडीत श्रीपाद खिडकीशी बसला होता. दोन्ही बाजूंनी ज्वारीची कापणी झालेली, रान उघडं पडलेलं. त्याला रडू येत नव्हतं. आजवर एक आधार होता त्याच्यापाशी, की आपण निष्ठुर झालो ते त्याच्या जिवासाठी. आता तोही गेला.

तरी त्यानं टाचण केलं. सवयच ती. बुधवारी पहाटेची गाडी, दौंड, पुणं, तिथून एस.टी., मग बैलगाडी मिळाली तर बैलगाडी. बंगल्यावर पोचायला तिसरा प्रहर. दोन तास विसावा. ऊन कललं की ओढ्यापर्यंत जाणे, कारण उन्हाचा त्रास नको. झरा दाखवणे. परत. सकाळची पहिली एस.टी. वाचायला अगदी निर्दोष टाचण होतं. कुणी म्हटलं नसतं की यात एका आईला फसवायचं लिहिलंय.

सोमवारी दिवस कलताना तानूबाई आल्या. आज पाटी नव्हती. धुतलेलं लुगडं, हातात एक गाठोडं. पद्मानं पाट दिला. त्यांनी गाठोडं सोडून दाखवलं: रामहरीचं धोतर, तिथं पांघरायला, चार दशम्या, दुधात मळलेल्या, म्हणजे टिकतील, पायात घालायला रामहरीच्याच वहाणा, सुतळीनं आवळून बांधलेल्या. "मोठ्या हुत्यात मला, पर चालंल," त्या म्हणाल्या. "वाच आता. कसं कसं जायाचं?"

श्रीपादनं वाचलं. म्हातारी प्रत्येक ओळीला "बरं" म्हणत होती. झऱ्याची ओळ आली तशी त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"तितंच व्हय?"

"तिथंच."

"दोन घोट घेतलं, मंग काय म्हनला रं?"

"काही नाही. आई म्हणाला."

हे यापूर्वी त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आत्ता, बसल्या बसल्या, त्याच्या तोंडून ते निघालं. पद्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं नाक ओढलं. तानूबाई मात्र रडल्या नाहीत. हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं तोंड असं उजळलं होतं.

"हात दे तुझा," त्या म्हणाल्या. "उजवा. ह्यानंच दिलंस न्हवं?"

त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला आणि तळव्यावर कपाळ टेकलं. आईच्या वयाची बाई, आणि त्याच्या हातावर डोकं ठेवत होती. "मी मरंन तवा माझ्याबी तोंडात ह्याच हातानं पानी घाल बाबा. मायलेकरांना एका हाताचं मिळंल. मंग मला काय बी नगं."

श्रीपादनं चटका बसावा तसा हात ओढून घेतला.

"नाही दिलं, मावशी."

"काय न्हाय दिलं?"

"पाणी. पाणी दिलं नाही मी त्याला. झरा नाही तिथं. काही नाही. तांब्या होता माझ्यापाशी भरलेला. भूल देताना पोटात पाणी नको, असं आनंद म्हणाला म्हणून नाही दिलं. वाटलं वाचेल. खरंच वाटलं, मावशी. तो मागत होता. आधी साहेब म्हणून मागितलं, मग श्रीपाद म्हणाला, मग नुसतंच पाणी, पाणी. मी तांब्या पाठीमागं ठेवला. आई वगैरे काही म्हणाला नाही तो. पाणीच म्हणाला."

पद्मा म्हणाली, "अहो!" आणि तिनं तोंडाला हात लावला.

इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण आता त्याला थांबता येईना.

"आणि मी प्यालो. तीनच्या सुमाराला ऊन सोसेना. दगडाआड गेलो आणि घटाघटा प्यालो. त्याला आवाज गेला. परत आलो तर तो माझ्या ओठांकडं बघत होता. हे मी आनंदलासुद्धा सांगितलेलं नाही."

तानूबाई हलल्या नाहीत. शिव्या देतील, ऊर बडवतील, आळी गोळा करतील, असं श्रीपादला वाटलं होतं. नव्हे, त्यांनी ते करावं अशीच त्याची इच्छा होती. म्हातारी गाठोड्याकडं बघत बसली. रस्त्यानं उसाच्या गाड्या एकामागून एक गेल्या.

"सालभर मी पानी प्याले," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. "नरड्याखाली उतरत नव्हतं. तवा म्हनायची, त्याला मिळालंय, तू पी बये. तुमच्या सांगन्यावर प्याले."

'तुमच्या' ऐकलं आणि श्रीपादनं मान खाली घातली.

"मावशी, मला—"

"कवा पडला त्यो, साहेब?"

"बाराला."

"आन गेला कवा?"

"दिवस मावळताना. साडेसहा असतील."

त्यांनी बोटांवर मोजलं. एकदा मोजून पटलं नाही, म्हणून पुन्हा मोजलं. "सा तास. वर अर्धा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग गाठोड्याची गाठ मारायला घेतली. गाठ बसेना. पद्मा मदतीला वाकली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच बांधली.

"कागुद घ्या त्यो."

"मावशी, आता कशाला जायचं? मी पाया पडतो तुमच्या. नका—"

"घ्या म्हनते ना! आन टाक घ्या. सांजंला लिवलंय न्हवं, उन्हाचा तरास नगं म्हून? त्ये खोडा. आदल्या दिशी निघायचं आन बाराला वर पोचायचं. वड्याला न्हाय. त्यो पडला तितं. खरी जागा दावायची."

श्रीपादनं खोडलं. रेघ सरळ आली.

"पानी हितनं न्यायचं. आमच्या पाटाचं, त्यो सोडायचा त्ये. तांब्याभर. तुमी उचलायचं."

त्यानं लिहिलं: पाणी, पिंपळीच्या पाटाचं, एक तांब्या.

"तितं गेल्यावर मी आडवी हुईन. तुमी उशाला बसा, तवा बसला व्हता तसं. तांब्या पाठीमागं ठिवा. सकाळपास्नं माझ्या तोंडात थेंब नसंल. दिस मावळंपतुर मी पानी मागंन, साहेब." त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "तुमी द्यायाचं न्हाय."

श्रीपादनं वर बघितलं. म्हातारी दारात उभी होती, तो लिहितो की नाही ते बघत. मग त्यानं टाक दौतीत बुडवला आणि खालच्या ओळीत तेही लिहिलं.